मेळ न बसलेल्या आकड्यालाही गुण द्या

उच्च माध्यमिक भूगोलाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना खुले पत्र

आदरणीय सदस्यहो,

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जी मुलं आपणहून भूगोल निवडतात, त्यांना मी शिकवते. आपण आखलेला अभ्यासक्रम बरीच वर्षं माझ्या हातून वर्गात उतरतो आहे आणि आपण काढलेल्या प्रश्नपत्रिका माझे विद्यार्थी सोडवत आले आहेत. आपली भेट कधी झालेली नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मनात भूगोल म्हणजे काय हे आपण आणि मी मिळूनच ठरवतो, म्हणून हे पत्र थेट आपल्यालाच लिहिते आहे.

सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकासाठी एक तुकडी घेऊन मी एका ओढ्यावर गेले होते. काम नेहमीचंच. उगमाकडून खाली येत पाच ठिकाणं ठरवायची. प्रत्येक ठिकाणी टेपने पात्राची रुंदी घ्यायची, काठी रोवत रोवत ठरावीक अंतरांवर खोली मोजायची, काठाने दहा मीटर आखून वरच्या टोकाला पाण्यात संत्रं सोडायचं आणि ते खालच्या टोकाला किती सेकंदांत पोचतं ते बघायचं. संत्रं अशासाठी की ते बहुतेक बुडालेलंच तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि लांबून दिसतं. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग मिळतो. रुंदी, सरासरी खोली आणि सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग, दर सेकंदाला तिथून वाहून जाणारं पाणी.

एका मुलीचे आकडे तिसऱ्या ठिकाणापर्यंत पुस्तकाबरहुकूम येत गेले. तिथे संत्र्याला २१ सेकंद लागले होते. चौथ्या ठिकाणी ३४ लागले. तिने तीनदा मोजलं. फार तर एखाद्या सेकंदाचा फरक. पाचव्या ठिकाणी पुन्हा १९. म्हणजे सरासरी वेग आधी सेकंदाला ०.४० मीटर, मग एकदम ०.२५, मग ०.४५. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, चौथा आकडा बदलू का?"

मी स्पष्ट 'नको' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघ तुला काय योग्य वाटतं ते." गुणदानाच्या तक्त्यात 'निष्कर्ष सिद्धांताशी सुसंगत' असा एक रकाना होता आणि ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. तिने ३४ चे २० केले. आलेख छान चढता आला. प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर मी चौथ्या ठिकाणाच्या थोडी खाली चालत गेले. एक झाड प्रवाहात आडवं पडलेलं होतं. पडून बराच काळ झाला असावा. फांद्या, पालापाचोळा, गाळ अडकून त्याचा अर्धाकच्चा बांध झाला होता आणि मागे तुंबलेलं पाणी चौथ्या ठिकाणापर्यंत संथ पसरलं होतं. घरी येऊन मी त्या मुलीची जुनी वही काढली. चौथ्या ठिकाणची खोली तिने तिसऱ्यापेक्षा बरीच जास्त नोंदवली होती. तिचे मूळ ३४ सेकंद धरून विसर्ग काढला तर तो तिसऱ्या आणि पाचव्या ठिकाणांशी नीट जुळत होता, कारण मधे ओढ्याला कुठे दुसरं पाणी मिळत नव्हतं आणि तेवढंच पाणी आता खोल, संथ होऊन वाहत होतं. बदललेल्या आकड्याने मात्र विसर्ग चौथ्या ठिकाणी अचानक जवळजवळ पावणेदोनपट होत होता आणि पाचव्याला पुन्हा उतरत होता. ओढ्यात असं पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार? हे तिने पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, तपासणाऱ्यांनी पाहिलं नाही. वेगाचा आलेख चढता होता, तेवढं सगळ्यांना पुरलं.

त्या दिवशी त्या ओढ्यावर कुणाला खरोखर काही सापडलं असेल तर ते तिला. आणि तेच तिने माझ्यासमोर खोडलं.

माझी मागणी या प्रसंगातून आलेली आहे आणि ती एकच आहे. या पातळीवर भूगोल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःचा एक प्रश्न, जमिनीवर जाऊन, मोजून सोडवू द्या. त्याला अंतिम निकालात खरोखरचं वजन द्या. आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर त्या न जुळण्याचा शोध घेण्याला सर्वांत जास्त गुण द्या.

नदीच्या वेगाचंच थोडं आणखी सांगते, कारण या विषयाचं शिक्षण कुठे अडतं ते त्यात फार स्वच्छ दिसतं. लहान वर्गांत मुलं शिकून येतात की नदी डोंगरात वेगवान असते आणि मैदानात संथ होते. डोळ्यांनाही तसंच दिसतं. वर दगडांवर आपटणारं फेसाळ पाणी, खाली रुंद पात्रात सरकणारं गढूळ पाणी. १९५३ मध्ये अमेरिकन जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे दाखवून दिलं की सरासरी वेग खालच्या दिशेने बहुधा कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. उतार कमी होतो हे खरं, पण खोली वाढते. पाण्याच्या एकूण आकारमानाच्या तुलनेत तळाशी आणि काठांशी घासणारा भाग कमी होतो. मोठे धोंडे जाऊन तळाशी बारीक वाळू येते. या दोन गोष्टी मिळून उताराची तूट भरून काढतात. डोंगरातल्या ओढ्याची बरीचशी शक्ती दगडांना वळसे घालण्यात आणि उसळण्यातच खर्च होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण जलशास्त्राच्या अंगानेही अगदी खरी आहे.

आता आमच्या वर्गात काय होतं? आधीचं वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. वरच्या वर्गात आल्यावर त्याच्या उलट वाक्य पाठ करतात. दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने, दोन्ही वेळा तितक्याच परक्या मनाने. हातात घड्याळ धरून पाण्यात उभं राहिल्याशिवाय यातलं कुठलं वाक्य आपलं होत नाही. आणि एकदा उभं राहिलं की तिसरी गोष्ट कळते, जी दोन्ही पुस्तकांत नसते: हा ओढा या झाडापाशी असा वागतो.

ज्ञान पुढे सरकलेलं आहे ते अशाच न जुळणाऱ्या जागांपाशी. मेरी थार्प यांचं उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेत उत्तर अटलांटिकच्या तळाचे छेद काढत होत्या. स्त्री म्हणून त्यांना संशोधन जहाजावर जाता येत नव्हतं. जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे घेऊन त्या टेबलावर काम करत. समुद्राखालच्या पर्वतरांगेच्या बरोबर मध्ये त्यांना छेदामागून छेदात एक खोल खाच दिसली. ही खचदरी असेल तर समुद्रतळ तिथे दुभंगतो आहे असा त्याचा अर्थ होत होता, आणि खंडवहनाचं, म्हणजे खंडं सरकतात या कल्पनेचं, नाव काढणं तेव्हा तिथल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते म्हणणं झटकून टाकलं. मग शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होते, तो नकाशा थार्पच्या नकाशाच्याच प्रमाणावर काढलेला होता. एक दुसऱ्यावर ठेवला. भूकंपांची रांग त्या खाचेतून जात होती.

मुलांना मी विचारते, थार्पने काय केलं? उत्तर येतं, 'मध्य अटलांटिक पर्वतरांगेतली खचदरी शोधली.' आपल्या उत्तरपत्रिकेत याला एक गुण मिळेल. पण मला त्यांच्याकडून हवं असतं ते हे, की एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला, प्रमाण सारखं आहे ना हे पाहिलं, आणि आधी दिसलेली विसंगती कुणी चूक म्हटलं म्हणून पुसली नाही. भूगोलाची ही मूळ कृती आहे. ती करायला जहाज लागत नाही.

आता सिद्धांतांकडे येते, कारण वरच्या वर्गांच्या भूगोलात त्यांचा भरणा असतो आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. वॉल्टर क्रिस्टालर यांचा केंद्रीय स्थान सिद्धांत घ्या. १९३३ चा, दक्षिण जर्मनीच्या अभ्यासातून आलेला. सपाट मैदान, सगळीकडे सारखी लोकसंख्या, सारखी क्रयशक्ती, सगळ्या दिशांना सारखाच प्रवासखर्च, असं गृहीत धरलं तर लहान-मोठ्या बाजारगावांची क्षेत्रं षटकोनी आकारात एकमेकांत बसतात. मुलं षटकोन सुरेख काढतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आकृती, चार रंग, पैकीच्या पैकी गुण. गृहीतकं विचारली की मोजून सांगतात. आणि इथेच धडा संपतो.

तो संपतो तिथून खरा भूगोल सुरू व्हायला हवा. नेदरलँड्समध्ये समुद्राचा तळ कोरडा करून मिळवलेला नूर्डोस्टपोल्डर हा प्रदेश १९४२ मध्ये पाण्याबाहेर आला. अगदी सपाट, अगदी रिकामा. क्रिस्टालरला हवं होतं तसं मैदान माणसाने बनवलंच. नियोजनकारांनी मधोमध एमेलोर्ड हे मोठं गाव आणि भोवती दहा खेडी अशी रचना केली. शेतमजूर सायकलवरून ये-जा करील त्या हिशेबाने अंतरं ठरली. पुढे मोटारी आल्या, शेतीला यंत्रं आली, मजूर कमी लागू लागले. लोक खेड्यातल्या दुकानासमोरून गाडी पुढे काढून मोठ्या गावी जाऊ लागले आणि खेडी अपेक्षेएवढी वाढली नाहीत. सिद्धांत खोटा पडला असं यावरून म्हणता येत नाही. 'सारखा प्रवासखर्च' या गृहीतकात किती काय दडलेलं होतं ते उघडं पडलं. ही गोष्ट सांगितल्यावर मुलं षटकोनाकडे पुन्हा बघतात, पहिल्यांदाच बघावं तसं.

याच क्रिस्टालर यांनी दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीच्या नियोजन कार्यालयात काम केलं, आणि व्यापलेल्या पोलंडची वस्तीरचना नव्याने आखण्यासाठी हाच सिद्धांत वापरला गेला. तिथे मैदान रिकामं नव्हतं. त्यावर माणसं राहत होती, आणि आराखड्यासाठी त्यांना हलवलं जाणार होतं. अठरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलांना हे कळू नये इतकी ती लहान नसतात. सपाट, रिकामं मैदान कागदावर गृहीत धरणं आणि माणसांच्या जमिनीवर ते लादणं यांतलं अंतर त्यांनी याच वयात ओळखायला हवं. हे आपल्या अभ्यासक्रमात मला कुठे दिसत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोकसंख्या संक्रमणाचंही तेच. आधी मृत्युदर घटतो, मग जन्मदर घटतो, मधल्या काळात लोकसंख्या वाढते, शेवटी दोन्ही रेषा खाली येऊन स्थिरावतात. पश्चिम युरोपच्या इतिहासावरून काढलेलं हे एक वर्णन आहे, पण शिकवलं जातं निसर्गनियम असल्यासारखं. वास्तविक युरोपातच फ्रान्समध्ये जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, मृत्युदराच्या जोडीनेच उतरायला लागला होता. आणि दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरियाकडे बघा. तिथला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, २०१८ मध्ये एकाच्या खाली गेला आणि २०२३ मध्ये ०.७२ झाला. लोकसंख्या टिकून राहायला तो २.१ च्या आसपास लागतो. आकृतीतल्या शेवटच्या टप्प्यातली ती शांत, सपाट रेषा तिथे सापडत नाही. प्रश्नपत्रिकेत आपण विचारता, 'लोकसंख्या संक्रमण सिद्धांताचे टप्पे आकृतीसह स्पष्ट करा.' त्याऐवजी एखाद्या देशाचे, नाव न सांगता, शंभर वर्षांचे जन्मदर आणि मृत्युदर द्या आणि विचारा की सिद्धांत इथे कुठपर्यंत साथ देतो, कुठे सोडतो आणि का. टप्पे पाठ असल्याशिवाय याचं उत्तर येणार नाहीच. पण नुसते टप्पे पाठ असून भागणारही नाही.

अराल समुद्राचा प्रश्न तर इतक्या वेळा येऊन गेला आहे की मुलं त्याची कारणं झोपेत सांगतील. १९६० च्या सुमारास ६८,००० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं, सरोवर आटलं, मासेमारी बुडाली, मिठाची धूळ उडू लागली. पाच मुद्दे, पाच गुण. पण गोष्ट तिथे थांबलेली नाही. आटता आटता सरोवराचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले. २००५ मध्ये दोहोंच्या मध्ये कझाकस्तानात कोक-अराल बांध पुरा झाला. सिर दर्याचं पाणी उत्तर भागात अडू लागलं, पातळी वाढली, खारटपणा उतरला, मासे परतले. दक्षिणेकडे वाहून जाणारं पाणी मात्र कमी झालं, आणि २०१४ मध्ये दक्षिण अरालचा पूर्वेकडचा भाग उपग्रहचित्रांत पूर्ण कोरडा दिसला. त्या आटण्याला मुख्यतः अमू दर्याचं घटलेलं पाणी कारण होतं, म्हणजे सगळं खापर बांधावर फोडूनही चालत नाही. दोन उपग्रहचित्रं आणि पाणीपातळीचा एक आलेख देऊन विचारा: हा बांध बांधायला हवा होता का? कुणाला काय मिळालं, कुणाकडून काय गेलं? या एका प्रश्नात नदी, हवामान, शेती, सीमा, दोन देशांतले संबंध, उपजीविका सगळं येतं. प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल असे दोन वेगळे विभाग पाडून आपण मुलांना जे वेगळं करायला शिकवतो, ते इथे एकाच पाण्यात असतं.

नकाशांबद्दल थोडक्यात. क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे आकड्यांचे वर्ग पाडून विभाग फिक्या-गडद छटांत रंगवलेला नकाशा, काढायला आपण सांगता. वर्गांतरही आपणच देता. निर्णय मुलांच्या हातून गेला की उरतं ते रंगकाम. समजा दहा विभाग आहेत, नऊ विभागांची लोकसंख्येची घनता शंभर ते तीनशेच्या दरम्यान आहे आणि एकाची दोन हजार. समान अंतराचे पाच वर्ग पाडले तर नऊ विभाग एकाच फिक्या छटेत बुडतात. प्रत्येक वर्गात दोन-दोन विभाग येतील असे वर्ग पाडले तर नकाशा रंगीबेरंगी होतो आणि तो एक महानगरी विभाग तीनशेवाल्या शेजाऱ्यासारखाच दिसायला लागतो. आकडे तेच. मुलांना दोन्ही नकाशे काढू द्या आणि त्यांतून काय लपतं ते लिहायला सांगा. निवडणुका, साथी, दुष्काळ यांचे नकाशे ही मुलं आयुष्यभर मोबाइलवर बघणार आहेत.

साधनांची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हेही नोंदवते. १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून सर्वांना मोफत खुली आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रं २०१५ नंतर तशीच मिळतात. क्यूजीआयएससारखी नकाशे बनवण्याची संगणकप्रणाली विनामूल्य आहे. पण मी हे मोजणीच्या जोडीला मागते आहे, मोजणीच्या बदल्यात नाही. लँडसॅटच्या चित्रात एक ठिपका तीस मीटरचा असतो. माझ्या ओढ्यातलं ते झाड त्यात दिसणार नाही.

आता आपण काय म्हणाल ते मला माहीत आहे. मी स्वतः ते माझ्या सहकाऱ्यांना अनेकदा म्हटलेलं आहे.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. वाहत्या पाण्याशी खेळ नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल, वर डोंगरात पाऊस असेल, तर मी कुणाला पात्रात उतरू देत नाही, अख्खी सहल वाया गेली तरी. पण क्षेत्रकार्य म्हणजे लांबची सहल असलंच पाहिजे असं कुठे आहे? दोन्ही टोकं कापलेला एक पत्र्याचा डबा घ्या. शाळेच्या मैदानात, जिथे पायांनी जमीन घट्ट झाली आहे तिथे, तो बोटभर दाबून बसवा, मोजून पाणी ओता, मुरायला किती वेळ लागतो बघा. मग तेच झाडाखालच्या मऊ मातीत करा. फरक इतका मोठा येतो की मुलं पहिल्यांदा डबा गळतो का ते तपासतात. पूर शहरात का वाढतात, हे त्यानंतर सांगावं लागत नाही. डांबरावरचं आणि गवतावरचं तापमान, रस्त्याच्या दोन बाजूंची पायी रहदारी, शाळेपासून दूर जाताना बदलत जाणारी दुकानं: प्रश्न शाळेच्या फाटकापासूनच सुरू होतात. ज्या शाळांकडे बस नाही, पैसा नाही, त्यांच्या मुलांचं याने नुकसान होईल अशी भीती असेल, तर त्याचं उत्तर हेच की गुण अंतराला देऊ नका, प्रश्नाला द्या.

वेळेबद्दल मात्र मला आपल्याकडूनच काहीतरी हवं आहे. आत्ताच्या अभ्यासक्रमात हे बसणार नाही. धडे कमी करावे लागतील. प्रदेशांची उत्पादनं आणि त्यांची क्रमवारी सांगणारे धडे आधी काढा. ते आकडे छापून होईपर्यंत शिळे होतात. कोणता धडा काढायचा यावर आपल्या बैठकीत वाद होतील, व्हायलाच हवेत. पण 'सगळं ठेवून शिवाय क्षेत्रकार्यही' असा निर्णय घेऊ नका. तसं झालं की क्षेत्रकार्य कागदावर राहतं आणि अहवाल घरी बसून तयार होतात.

गुण सारखेपणाने कसे द्यायचे, या शंकेचा मी बराच विचार केला आहे. हे जमतं, याचे दाखले जगात आहेत. आंतरराष्ट्रीय भूगोल ऑलिंपियाड १९९६ मध्ये पाच देशांपासून सुरू झालं. आज त्यात कितीतरी देशांची सोळा ते एकोणीस वयाची मुलं येतात. तिथे क्षेत्रकार्याच्या परीक्षेला लेखी परीक्षेइतकंच, ४० टक्के, वजन असतं. मुलं एका अनोळखी परिसरात जातात, स्वतः निरीक्षणं करून नकाशा काढतात आणि त्यावर निर्णय मांडतात. इतक्या देशांतल्या मुलांचं हे काम एका मापाने तपासता येत असेल, तर एका मंडळाला आपल्या शाळांचं तपासता येईल. इंग्लंडमधल्या ए-लेव्हल, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, भूगोलात २०१६ च्या बदलांपासून विद्यार्थ्याच्या स्वतंत्र शोधकार्याला २० टक्के गुण आहेत, किमान चार दिवसांचं क्षेत्रकार्य आवश्यक आहे, आणि प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः घडवायचा असतो. ती पद्धत जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. मोठे, गुळगुळीत अहवाल लिहून घेण्याची मला स्वतःला फारशी ओढ नाही, विशेषतः आता, जेव्हा असा अहवाल यंत्र पाच मिनिटांत लिहून देतं.

मला महत्त्वाची वाटते ती क्षेत्रवही. पेन्सिलीने, जागेवर, घाईत लिहिलेली, मातीचे डाग पडलेली. अहवाल चार पानांचा असू द्या, पण सोबत ही वही जमा करायला सांगा आणि तिच्यावर दहा मिनिटं तोंडी प्रश्न विचारा. चौथ्या ठिकाणी वेळ जास्त का लागला? तीनदा मोजलंस, तिन्ही आकडे सारखे होते का? खोली वाढलेली दिसते, तिचा याच्याशी काही संबंध असेल का? जी मुलगी पाण्यात उभी होती, ती या प्रश्नांना उत्तर देईल. कदाचित 'माहीत नाही, पण खाली जाऊन बघायला हवं होतं' असं म्हणेल. त्या उत्तराला गुण द्या. भरपूर द्या. गुणदानाच्या तक्त्यातून 'सिद्धांताशी सुसंगत' हा रकाना काढा आणि त्या जागी 'विसंगती नोंदवली, तपासली, कारण सुचवलं' असा रकाना घाला. वर लिहिलेल्यातलं बाकी काही आपल्याला या वर्षी जमणार नसेल, तरी एवढं जमण्यासारखं आहे. यासाठी ना बस लागते ना नवं पुस्तक. एक ओळ बदलायची आहे.

ती ओळ बदलली की माझ्यासारख्या शिक्षकांनाही बळ मिळेल. परीक्षेला जे चालतं तेच आम्ही शिकवतो, ही कबुली देताना मला लाज वाटते, पण ती खरी आहे. त्या दिवशी मी त्या मुलीला 'नको' म्हणू शकले नाही, कारण माझ्या एका शब्दाने तिचे गुण जाणार होते. पुढे तिने भूगोल घेतला नाही. त्यामागे अनेक कारणं असतील. तिची वही माझ्या कपाटात आहे. २० च्या खाली खोडलेले ३४ अजून नीट वाचता येतात.

पाऊस थांबून पाणी उतरलं की नवी तुकडी घेऊन मी पुन्हा त्या ओढ्यावर जाणार आहे. झाड अजून तिथेच आहे, बांध आता जवळजवळ पुरा झाला आहे आणि त्याच्या मागे गाळाचा छोटा पट्टा वर आला आहे, त्यावर गवतही धरलं आहे. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या दिवशी जरूर यावं. टेप आणि घड्याळं आमच्याकडे आहेत. आपण फक्त भिजले तरी चालतील असे बूट घालून या.

आपली नम्र,
भूगोलाची एक शिक्षिका